लठ्ठपणावरील उपचार आणि वंचित प्रौढ : आरोग्य-विषमतेची एक चिकित्सा

प्रस्तावना :

'खात्यापित्या घरचा' हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग स्थूल देहाला संपन्नतेची खूण मानतो. ही समजूत बोलीपुरती मर्यादित राहिली असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु गरीब म्हणजे कुपोषित आणि कुपोषित म्हणजे कृश, हे समीकरण सार्वजनिक आरोग्यविचारातही मुरलेले दिसते. परिणामी स्थूल असूनही गरीब असलेली प्रौढ व्यक्ती व्यवस्थेच्या नजरेतून निसटते. मोजमाप, शासकीय कार्यक्रम आणि उपचारखर्च या तीन अंगांनी या विषमतेची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोजमापाचा प्रश्न :

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनी अथवा लठ्ठ आहेत. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २०.६ टक्के होते. शहरी स्त्रियांत ते ३३.२ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांत १९.७ टक्के आढळते. म्हणजे खेड्यातही सुमारे पाचपैकी एक स्त्री या गटात मोडते. याच सर्वेक्षणात ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पोटाचा घेर वाढलेला आणि रक्त मात्र कमी, अशी अवस्था एकाच देहात नांदू शकते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

वरील आकडे बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक, या निकषावर आधारलेले आहेत. उंची व वजन यांचे हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले यांनी मांडले. शरीरातील चरबी कोठे साठली आहे, हे ते सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३ इतकाच होता; चरबीचे प्रमाण मात्र याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के, तर युडकिन यांच्यामध्ये ९.१ टक्के होते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये अतिवजनासाठी २३ व लठ्ठपणासाठी २५ ही मर्यादा सुचविली, ती याच जाणिवेतून. पाचव्या फेरीत कंबर-नितंब गुणोत्तर मोजले, तेव्हा ५६.७ टक्के स्त्रिया जोखमीच्या गटात आल्या. हे गुणोत्तर म्हणजे लठ्ठपणाचे निदान नव्हे, हे खरे. तथापि हातापायांनी किडकिडीत व पोटाने स्थूल असलेली मजूर स्त्री नोंदवहीत 'सामान्य' का ठरते, याचे उत्तर या तफावतीत आहे.

कार्यक्रमातील उणीव :

असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०२३ मध्ये त्याचे नाव व व्याप्ती बदलली. त्याअंतर्गत आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींचा अर्ज भरते आणि त्यात कंबरेचे मापही नोंदविते. पुढील तपासणी मात्र प्रामुख्याने मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी असते. लठ्ठपणा जोखीम म्हणून विचारला जातो. आजार म्हणून त्याच्यावर स्वतंत्र उपचार होतोच असे नाही. साखर वाढेपर्यंत रुग्णाच्या वाट्याला उरतो तो सल्ला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून खाद्यतेलाचा वापर दहा टक्के कमी करण्याचे आवाहन केले. सल्ला अयोग्य नाही; परंतु तो निवडीचे स्वातंत्र्य गृहीत धरतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. डाळ, भाजी वा फळे यांचा हक्क त्यात नाही. चार घरची धुणीभांडी करून परतणाऱ्या स्त्रीस 'रोज चाला' असे सांगताना तिचा दिवस व तिची वस्ती विचारात घेतली जात नाही. मग सल्ल्याचे रूपांतर नकळत दोषारोपात होते आणि रुग्ण दवाखान्याकडे पाठ फिरवतो.

उपचारखर्च व विमा :

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. आठवड्यास एक मात्रा धरल्यास महिन्याचा खर्च १४,००० रुपये होतो. पेटंटची मुदत सरून औषधे स्वस्त झाली, तरी ती देणारा डॉक्टर व पाठपुरावा करणारी यंत्रणा वस्तीत नसेल, तर किंमत उतरल्याचा लाभ वस्तीपर्यंत पोहोचत नाही. शस्त्रक्रियेबाबत विसंगती अधिक स्पष्ट आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटींनुसार बीएमआय ४०, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही पात्रतेची सीमा ठरली. आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी मात्र २०२२ मध्ये आशियाई रुग्णांसाठी २७.५ ही मर्यादा सुचविली. शिवाय असंघटित कामगाराकडे असा खाजगी विमा असण्याची शक्यताच थोडी.

क्षयरोग व कृशता शिल्लक असताना तुटपुंजा निधी लठ्ठपणावर का खर्चावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो गैरलागू नाही. परंतु गुडघे निकामी होऊन सुटलेली मजुरी आणि पुढे मूत्रपिंडविकारावर काढलेले कर्ज, हा खर्चही गरिबाच्याच माथी येतो. शासनाच्या हिशेबात न दिसल्याने तो नाहीसा होत नाही.

समारोप :

वंचितांमधील लठ्ठपणा हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. कंबरेच्या मापाची नोंद उपचाराशी जोडणे, आरोग्य केंद्रात आहार-मार्गदर्शन व नियमित पाठपुरावा उपलब्ध करणे, शिधावाटपात डाळींना हक्काचे स्थान देणे आणि विम्याचे निकष भारतीय देहमानाशी सुसंगत करणे, या चार गोष्टी अग्रक्रमाने व्हावयास हव्यात. त्यांपैकी पहिलीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. आशा कार्यकर्तीच्या हाती मोजपट्टी आधीच आहे. त्या मापाच्या आधारे रुग्णाला पुढे कोठे पाठवावयाचे, एवढे मात्र ठरवावे लागेल.