'लवणे' आणि 'स्फुरणे' : अनैच्छिक हालचालीची दोन क्रियापदे

पापणीच्या इच्छेवाचून होणाऱ्या हालचालीसाठी मराठीत 'लवणे' हे क्रियापद रूढ आहे. बाहूच्या तशाच हालचालीसाठी 'स्फुरणे' किंवा 'फुरफुरणे'. यांपैकी 'स्फुरणे' हे काव्यनिर्मितीच्या चर्चेतही सतत वावरते. स्नायूचे थरथरणे आणि कवितेचे सुचणे एकाच शब्दाने सांगितले जावे, यात एक निर्मितिविचार दडलेला आहे. मराठी समीक्षेने 'स्फूर्ती'ची चर्चा पुष्कळ केली. तथापि या शब्दाचे शारीर अंग तिच्या दृष्टिआड राहिले.

'लवणे'चे मूळ संस्कृत 'नम्' धातूत आहे. 'निंब'चे 'लिंब' किंवा 'नवनीत'चे 'लोणी' होताना आद्य 'न'चा 'ल' झाला, तसाच तो येथेही झाला. मूळ अर्थ वाकणे; म्हणूनच फळभाराने फांदी लवते आणि पापणीही लवते. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) शहागंजसारख्या जुन्या बाजारपेठेत, जेथे मराठी आणि दखनी-उर्दू शेजारीशेजारी नांदतात, तेथे या शब्दाचे वेगळेपण अधिक जाणवते. उर्दूत डोळा 'फडकतो'; मराठीत 'फडकते' ते प्रामुख्याने निशाण. एकच अनुभव एका भाषेने फडफडीच्या गतीतून टिपला, दुसरीने वाकण्याच्या आकृतीतून.

'स्फुर्' या धातूचा प्रवास निराळा आहे. थरथरणे, चमकणे, मनात प्रकटणे अशा अर्थच्छटा त्याला क्रमाने लाभल्या. या छटांमधील दुवा कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'त स्पष्ट दिसतो. पहिल्या अंकात आश्रमात प्रवेश करताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि अशा शांत स्थळी या शकुनाचे फळ कोणते, असा प्रश्न त्याला पडतो. पाचव्या अंकात राजसभेत शकुंतलेचा उजवा डोळा स्फुरतो. स्त्रीच्या बाबतीत हे अशुभचिन्ह, आणि पुढे तिचा अव्हेर होतो. सातव्या अंकात दुष्यंत पुन्हा स्पंदन पावणाऱ्या बाहूलाच उद्देशून, हे व्यर्थ कशासाठी, असे विचारतो. तीनही ठिकाणी शरीराला जे आधी कळते ते मनाला नंतर उमगते. विस्मृती हाच ज्या नाटकाचा कणा, त्यात शरीराने असे पुढचे जाणावे, हे अर्थपूर्ण आहे. या स्फुरणांना केवळ लोकसमजुतीचे अवशेष मानणारे वाचन नाटकाच्या रचनेलाच मुकते.

येथे एक आक्षेप संभवतो. स्फुरण जर इच्छेबाहेरचे, तर कलेत त्याला स्थान कोणते? भरताच्या नाट्यशास्त्रात पापण्यांच्या नऊ कर्मांत 'स्फुरित' हे एक सांगितले आहे. जे आपसूक घडते ते नटाने अभ्यासाने घडवायचे, असा हा विरोधाभास आहे. म्हणजेच अनैच्छिकता ही कलेच्या आरंभीची अवस्था असू शकते. तिची सिद्धी मात्र प्रयत्नावाचून होत नाही.

मराठीचे व्याकरणही याच दिशेने बोलते. 'माझा डोळा लवला' आणि 'मला कविता स्फुरली' या दोन्ही वाक्यांत माणूस कर्ता नाही. एकात तो अवयवाचा धनी आहे, दुसऱ्यात अनुभव घेणारा. 'मी कविता स्फुरवली' असे कोणी म्हणत नाही. मात्र 'मी कविता लिहिली' हे वाक्य म्हणताच कर्तेपण परत येते. 'स्फुरली' आणि 'लिहिली' यांच्यामधले अंतर हेच समीक्षेचे खरे क्षेत्र होय. ते ओलांडून 'स्फूर्ती' या शब्दातच निर्मितीचे उत्तर शोधले, की कवीचे श्रम अदृश्य होतात आणि कविता शकुनासारखी केवळ फळाची वाट पाहत राहते. लवलेल्या डोळ्याचाही अर्थ लावावा लागतो. स्फुरलेली ओळ त्याला अपवाद नाही.