‘सौभद्र’ची मूळ चाल कोणती?

आप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना ‘संगीत सौभद्र’ची पानं सुटलेली एखादी प्रत हाती लागली, तर आधी संवाद वाचू नका. पदांच्या डोक्यावर काय छापलंय ते बघा. तिथे ‘चाल’ असा शब्द असतो आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी ते गाणं कानडी असतं, कधी नुसतंच ‘साकी’ किंवा ‘दिंडी’. १८८२ साली वाचणाऱ्याला तेवढं पुरत असे, कारण ते दुसरं गाणं त्याच्या कानात होतं. आपल्या कानात ते नाही. माझ्या पीएचडीतली निम्मी डोकेदुखी या एका ओळीत आहे.

अशाच डोकेदुखीवर युरोपात एक अख्खी चळवळ उभी राहिली. बरोक संगीत म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं. निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी १९५३ मध्ये व्हिएन्नात एक वाद्यवृंद काढला आणि हे संगीत त्या काळच्या वाद्यांवर वाजवायला घेतलं. आज तरुण मुलामुलींचे कितीतरी छोटे वृंद तेच करतात: व्हायोलिनला पोलादी तारांऐवजी तात, आणि सूर आजच्यापेक्षा अर्ध्या स्वरानं खाली, ४४० ऐवजी ४१५. त्यांच्या जुन्या कागदांवरही बऱ्याचदा खालच्या सुरांची एकच ओळ आणि वर आकडे एवढंच असतं. मधलं सगळं वादकानं भरायचं. आपल्या ‘चाल’ या शब्दाचं हे लांबचं भावंडच म्हणा ना!

तर मग आपल्याकडे नाट्यसंगीत ‘मूळ ढंगात’ सादर होतं तेव्हा काय होतं? बालगंधर्वांच्या रेकॉर्डची नक्कल होते. ती कधी कधी फार सुंदर असते. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे गायले, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मी ती पदं अजूनही ऐकतो. पण ते ‘सौभद्र’चं मूळ रूप आहे असं कुणी म्हणालं, तर माझं भांडण आहे.

किर्लोस्करांची सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. ते १९०१ मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीची माणसं ध्वनिमुद्रणासाठी भारतात आली १९०२ मध्ये. एका वर्षानं चुकामूक! बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ साली, म्हणजे नाटक रंगभूमीवर येऊन वीसेक वर्षं उलटल्यावर. त्यांनी पदांना जे दिलं ते थोरच, पण ती दुसरी आवृत्ती आहे. त्यातही रेकॉर्डच्या एका बाजूला तीनेक मिनिटं. थिएटरात वन्समोअर घेत पद कितीही लांबायचं. तबकडीसाठी ते कापून बसवलेलं. आजचे गायक तो काटलेला नमुना जशाच्या तसा गिरवतात. रेकॉर्ड हीच जणू संहिता झाली आहे.

बरं, रेकॉर्डवरचा सूर तरी खरा का? पासोड्या विठोबाच्या आसपास, बुधवारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मी टर्नटेबलचा पट्टा शोधत हिंडलो तो याचसाठी. तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ७४ फेऱ्यांनी फिरवली, की सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं उतरतो. आणि जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ वर भरलेल्या नसत. म्हणजे ‘बालगंधर्वांच्याच सुरात’ हे वाक्यही जपूनच म्हणायला हवं.

वाद्यांचं तर विचारूच नका. गंधर्व मंडळींचा नाद म्हणजे पायपेटीचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, थिरकवाँचा तबला. आज बहुतेक ठिकाणी सारंगी गायब आणि ऑर्गनच्या जागी कीबोर्डवरचं एक बटण. हा स्मरणरंजनाचा मुद्दा नाही हो. पायानं हवा भरायची म्हणून दोन्ही हात मोकळे, खालच्या पट्टीतली मोठी पत्ती बोलायला किंचित उशीर लावते, नादाला श्वास असतो. त्या उशिराशी जुळवून घेत गायलं की पदाची लय आपोआप सैलावते. बटणावर सूर ताबडतोब येतो आणि गायक धावायला लागतो.

अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टारस्किन यांनी युरोपातल्या या चळवळीला चांगलंच झापलं होतं: तुम्ही जुनं म्हणून जे वाजवता ती विसाव्या शतकाचीच आवड आहे. मला ते पटतं. सुभद्रा पुरुषानंच गावी किंवा प्रयोग पहाटेपर्यंत चालावा, असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझी तक्रार उलटी आहे. आपण इतिहासातलं एकच शिखर धरून बसलो आणि पायथा विसरलो. प्रयोगाला कात्री लागते तेव्हा पहिल्यांदा साक्या-दिंड्याच जातात, कारण त्यांत तानांना जागा नाही, टाळ्या नाहीत. कथा मात्र त्यांच्यावरच पुढे सरकते.

आणि गंमत म्हणजे साकी-दिंडी मेलेली नाही. बुधवारातून चालत सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात जा. नारदीय कीर्तनकार आख्यान रंगवताना मधेच दिंडी म्हणतात; शब्द ठसठशीत, तान जवळजवळ नाही, आणि म्हणून होताच गोष्ट पुढे. सध्या माझं ‘सौभद्र’चं फील्डवर्क तिथेच, मागच्या रांगेत वही घेऊन चाललंय.