कमरेमागची आकडी

माडावर चढणाऱ्या माणसाकडे खालून पाहिलं की आधी तळपाय दिसतात, मग पोटऱ्या, मग कमरेच्या मागे लोंबणारी कोयती. मूठ वर, पातं खाली. तो वर सरकतो तशी ती जराशी हलते, पुन्हा स्थिर होते. केळीचा घड एका घावात उतरवणारं पातं उघडंच्या उघडं अंगावर वागवत माणूस शेंड्यापर्यंत जातो, आणि सगळं लक्ष हातापायांवर ठेवू शकतो. हे श्रेय आकडीचं.

आजोबांची आकडी आमच्या पडवीत खुंटीला आहे. लाकडाचा जेमतेम वीतभर तुकडा, त्यात वरून खाली आरपार खाच, दोन्ही टोकांना कमरेला बांधायची दोरी. हातात घेऊन उन्हात धरली की ती वाचता येते. अंगाकडची बाजू किंचित खोलगट आहे आणि घामाने, घासण्याने चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली आहे. बाहेरच्या बाजूला तासणीचे घाव अजून दिसतात. तिथे गुळगुळीतपणाची गरज कुणाला नव्हती. खाचेचं एक टोक कोयतीच्या पाठीने घासून रुंद झालंय. दुसऱ्या टोकाला केसाएवढी बारीक रेघ आहे, ती धारेची. एवढ्या वर्षांत धार लाकडाला फक्त एवढीच लागली, कारण कोयतीचा भार धारेवर येतच नाही. पातं खाचेतून उतरतं आणि मुठीजवळचा जाड भाग वर अडकून राहतो. बटण नाही, बंद नाही. कोयतीचं वजनच तिला धरून ठेवतं.

आणि जागा कमरेमागची. हे मला फार उशिरा कळलं. माडावर चढताना छाती, पोट, मांड्या खोडाला भिडलेल्या असतात. पुढे काहीही बांधलं तर ते खोडात आणि अंगात चेंगरणार. बाजूला बांधलं तर वाकल्यावर मांडीला लागणार. मोकळी राहते ती पाठ. गोव्यातला पाडेलीही कोयता मागेच अडकवतो.

फिनलंडच्या पुक्को नावाच्या सुरीचं म्यान याच्या अगदी उलट. पात्यासाठी आत लाकडी अस्तर, वर ओलं असताना घट्ट बसवलेलं चामडं, आणि मूठही अर्ध्याहून अधिक आत बुडालेली. पट्ट्यापासून ते सैल लोंबतं, म्हणून बसताना टोचत नाही. नेपाळी खुकरीच्या म्यानातही लाकूड-चामड्याचीच जोडी, वर कर्दा आणि चकमक या दोन छोट्या सोबतिणींची सोय. दोन्ही म्यानं देखणी आहेत. पण ती कोकणात आणून पाहा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चामडं भिजलं की लवकर वाळत नाही, बुरशी धरतं, आणि आत ओल कोंडलेलं लोखंड गंजतं. काजूचा, फणसाचा चीक लागलेलं पातं त्यात घालायचं म्हणजे म्यानच चिकटणार. आकडीत मात्र पाणी थांबायला जागाच नाही. वारा लागतो, चीक दिसतो, पुसता येतो. ती झाकत नाही हाच तिचा मोठा गुण मला वाटतो.

तोच तिचा धोकाही आहे. निसरड्या बांधावर पाठीवर पडलं तर पातं उघडंच आहे. मागून चालणाऱ्या पोरांना म्हणूनच चार पावलं अंतर ठेवायला लावतात, आणि एसटीत कोयती गोणपाटात गुंडाळून नेतात. आकडी माणसांच्या गर्दीसाठी घडलेलीच नाही. हल्ली लोखंडी आकड्याही मिळतात. टिकतात, पण पावलागणिक खणखणतात, आणि लोखंडावर लोखंड घासून धार बसते. मला लाकडीच प्रिय.

सगळ्यात सुंदर असतो तो हात. वर झापांत गेल्यावर एक हात माडाला, दुसरा न बघता मागे जातो, मूठ सापडते, कोयती वर ओढली जाते. काम झालं की तसाच परत: आधी पात्याची पाठ लाकडाला टेकवायची, मग सोडायची. टक्, एवढाच आवाज. आमच्याकडे नारळ पाडायला येणारे काका खाली उतरले की कोयती काढून सोडणांच्या ढिगाशेजारच्या ओंडक्यात रोवतात आणि ओट्यावर टेकतात. चहा होईपर्यंत कमरेला नुसती आकडी असते, आणि मधूनच त्यांचा हात मागे जाऊन ती रिकामी खाच चाचपून येतो.