फटीला लावलेला कान

आधी आयर्लंडची एक गोष्ट सांगतो, मग रिद्धपूरला येऊ.

जॉन मिलिंग्टन सिंज नावाचा नाटककार. घरंदाज प्रोटेस्टंट कुटुंबातला. विक्लो भागातल्या एका जुन्या घरात तो राहिला होता. त्याच्या खोलीच्या फळ्यांना फट होती अन् खाली स्वयंपाकघर. खाली मोलकरणी बोलायच्या, हा वर फटीतून ऐकायचा. हे त्यानं स्वतःच आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. लपवलं नाही, एवढं त्याचं मानावं लागेल. ऐकलेल्या असल्या बोलीतून आयरिश पुनरुज्जीवनाची मोठी नाटकं उभी राहिली. मोलकरणी मात्र खालीच राहिल्या.

१८९३ साली डब्लिनला गेलिक लीग निघाली, १९०४ ला ॲबी थिएटर. इंग्रजांच्या राज्यात मरायला टेकलेली भाषा, जुन्या कथा, कोळ्या-शेतकऱ्यांची बोली, सगळं वर काढायचं काम त्यांनी केलं. काम मोठंच. पण १९०७ ला सिंजचं नाटक लागलं तेव्हा प्रेक्षकांनी थिएटरात दंगा केला. त्यांना खेडूत पाहिजे होता तो सोवळ्यातला, फोटोत लावण्यासारखा. मग आला शॉन ओ'केसी. डब्लिनचा मजूर, रेल्वेवर खपलेला, गेलिक लीगमध्ये आयरिश शिकलेला, कामगारांच्या सिटिझन आर्मीचा काही काळ चिटणीस. याला फटीची गरजच नव्हती, हा खालच्याच खोलीतला. १९२६ ला त्यानं १९१६ च्या उठावातली चाळ रंगमंचावर आणली. त्यात माणसं भितात, पितात, दुकानं लुटतात. पुन्हा दंगा! अन् १९२८ ला त्याचं पुढचं नाटक खुद्द ॲबीनंच नाकारलं. म्हणजे खालच्याची बोली पाहिजे, खालचा माणूस आपल्या तोंडानं बोलायला लागला की अडचण. दोस्तहो, ही अडचण आपल्या ओळखीची आहे. दलित लेखकाची भाषा शिवराळ म्हणून नाक मुरडणारे आपणही पाह्यलेत.

आता रिद्धपूर. मोर्शी तालुका, आपला अमरावती जिल्हा. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटानं इथं चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी पाह्यलं-ऐकलं त्यांच्याकडून, बायकांकडूनही, विचारून विचारून. त्यातून 'लीळाचरित्र' झालं, मराठी गद्याचा आरंभ. पुढं महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद केल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरवातीपर्यंत. कुलपं उघडल्यावर आमच्या वऱ्हाडातल्या माणसांनी जन्म घालवला या पोथ्यांपायी. यवतमाळचे य. खु. देशपांडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते. कोलत्यांनी १९४४ ला 'गोविंदप्रभुचरित्र' छापलं म्हणून माझ्यासारख्या मिलमधल्या माणसाच्या हाती ते पडलं. हे ऋण नाकारायचं काही कारण नाही.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, कायले पाह्यजे आपल्याले ते महाराज अन् त्या लीळा? आपलं साहित्य बाबासाहेबांपासून सुरू होते. मला हे पटत नाही. ते पुस्तक उघडून तर पाहा. गोविंदप्रभू रिद्धपूरच्या गल्ल्यांतून वेड्यासारखा फिरतो, शिव्या देतो, महारा-मातंगांच्या घरात जातो अन् तसाच ब्राह्मणांच्या घरात शिरतो. विटाळ कालवला म्हणून गावात बोंब. आणि एक लीळा तर अशी आहे की मी वाचता वाचता थांबलो. मातंगांना पाणी नाही. ते येऊन प्रभूला विनवतात, प्रभू जागा दाखवतो, तिथं पाणी लागते.

सातशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात मातंगाला पाणी नव्हतं, याचा हा लेखी पुरावा. शोषितांच्या तहानेची नोंद मराठी गद्याच्या पहिल्या पिढीतच आहे. अभ्यासकांनी या ग्रंथाची विभक्ती तपासली, पाठभेद लावले, शब्दकोश केले. तहानेकडं किती जणांनी पाह्यलं?

पण इथंच दुसरी चूक होते. काही जण ही लीळा दाखवून म्हणतात, बघा, आपली परंपरा समतेचीच होती! नाही बावा. त्या लीळेत मातंग विनवतात. पाणी मिळते ते कृपा म्हणून. गावाची विहीर तशीच राहते, तिच्यावर कुणी हक्क सांगत नाही. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलो तेव्हा कुणाला विनवलं नव्हतं. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिराचा सत्याग्रह उभा राहत होता आणि नोव्हेंबरात बाबासाहेब इथल्या परिषदेला आले होते. विनवणीपासून सत्याग्रहापर्यंतचं अंतर मोजायचं असेल तर ती लीळा वाचावीच लागेल.

कसं वाचायचं हेही बाबासाहेबांनीच दाखवलं आहे. आपणही १९५६ ला मागं गेलोच की, अडीच हजार वर्षं मागं. पण ते जे सापडलं ते डोक्यावर घेणं नव्हतं. १९५७ ला निघालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा'च्या प्रस्तावनेत ते सरळ प्रश्न टाकतात. म्हातारा, आजारी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो, ही गोष्ट बुद्धीला पटते काय? चार आर्यसत्यं मुळातली की मागून घातलेली? ज्याला शरण गेले त्याच्याही ग्रंथांना त्यांनी चाळणी लावली. मग म्हाइंभटाला आपण का लावू नये? आणि चाळणी लावायची तर धान्य आधी घरात आणावं लागते.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झालं. आता तिथं गोविंदप्रभू शिकवला जाईल. वर बसून फटीतून ऐकणारे बरेच येतील, त्यांच्या हातून चांगलं कामही होईल, सिंजच्या हातून झालंच होतं. आपल्या वस्तीतली किती पोरं तिथं नाव घालतात, हे मला पाहायचं आहे. अकोल्या-अमरावतीचा कुणी जात असेल तर ती मातंगांची लीळा वर्गात कशी शिकवली, कृपेवर थांबले की तहानेवर, तेवढं लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा ठेवतो.