‘द लव्ह हायपॉथिसिस’: परीक्षेला न बसलेलं प्रेम

आज अली हेझलवूड यांच्या ‘द लव्ह हायपॉथिसिस’बद्दल बोलू. २०२१ साली आलेली, भरपूर खपलेली कादंबरी. लेखिका स्वतः मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक आहेत, नाव टोपण आहे. मी ती मोठ्या अपेक्षेने उघडली, कारण शीर्षकातच हायपॉथिसिस! आमच्या जुन्या तर्कशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘अभ्युपगम’ म्हणायचे. शब्द असा की पहिल्याच तासाला निम्मा वर्ग धास्तावायचा. इथे प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एकेक गमतीदार अभ्युपगम आहे, तेवढा भाग मला आवडला.

गोष्ट थोडक्यात. ऑलिव्ह स्टॅनफर्डमध्ये जीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. आपण जुन्या मित्रात आता गुंतलेलो नाही हे मैत्रिणीला पटवायचं, म्हणून समोर दिसेल त्या पुरुषाचं ती चुंबन घेते. तो निघतो ॲडम कार्लसन, विद्यार्थ्यांना रडवणारा प्राध्यापक. मग दोघं प्रेमाचं नाटक करायचं ठरवतात. त्यालाही ते सोयीचं, कारण हा सोडून जाईल या शंकेने विद्यापीठाने त्याचा निधी अडकवून ठेवलाय. नाटकाचं पुढे खरं होणार हे उघड आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवट माहीत नाही म्हणून प्रेमकथा कोण वाचतं?

तक्रार बॉस्टनपासून सुरू होते. तिथल्या परिषदेत टॉम बेंटन नावाचा हार्वर्डचा प्राध्यापक, ॲडमचा जिवलग मित्र, ऑलिव्हशी घाणेरडं वागतो. वर बजावतो की तू सांगितलंस तरी तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. इथे मी खुर्चीत सावरून बसलो. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ च्या ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ या ग्रंथात नेमका हाच अन्याय मांडलाय: बोलणारी कोण आहे हे बघून तिच्या शब्दाची किंमत आधीच कमी करायची. विद्यापीठात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मार्गदर्शकाच्या सहीवर ज्याचं भवितव्य लटकलेलं असतं, त्या विद्यार्थ्याचा शब्द किती हलका असतो ते मी पाहिलंय.

आता बघा, खरा अभ्युपगम समोर आला. ॲडमचं प्रेम खरं असेल, तर जुन्या मित्राच्या विरोधात तो तिच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवेल. हा चुकीचा ठरू शकतो, म्हणूनच तो तपासण्याजोगा आहे. पॉपर आणखी काय सांगत होता? आणि लेखिका काय करते? ऑलिव्हने आपलं भाषण ध्वनिमुद्रित करायला फोन चालू केला होता, तो बंद करायचा राहिला. सगळं बोलणं आपोआप रेकॉर्ड! ती ॲडमकडे जाते तेव्हा पुरावा तिच्या हातात असतो. टॉमची नोकरी जाते, आपण टाळ्या वाजवतो. पण ॲडमची परीक्षा? ती रद्द! ज्या मुलींकडे रेकॉर्डिंग नसतं त्यांच्यासाठी या पुस्तकात एक ओळसुद्धा उरत नाही.

दोनशे वर्षांपूर्वीची जेन ऑस्टिन आठवा. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथच्या हातात डार्सीचं नुसतं पत्र आहे. विकहॅमचा शब्द एकीकडे, याचा दुसरीकडे. ती ते पुन्हा पुन्हा वाचते, आपल्याच आठवणी उलटतपासते, आणि आपण चुकलो हे तिला एकटीला कबूल करावं लागतं. तिथे खरोखर काहीतरी पणाला लागलेलं असतं. तोही विनोदीच प्रकार हो, करमणूक कुठे कमी झाली?

राहता राहिला ॲडमचा तुसडेपणा. ऑलिव्ह एकदा त्याला तोंडावर सुनावते, तो प्रसंग चांगला आहे. पण नंतर तो मनाने किती हळवा आहे हे कळलं की आपण ते विसरावं अशी पुस्तकाची अपेक्षा दिसते. हळवा असेल, ऑलिव्हपुरता. त्याच्या खोलीतून रडत बाहेर पडलेल्या बाकीच्यांना त्याचा काय उपयोग झाला, ते मला चारशे पानांत सापडलं नाही.