कैफियत आणि अंतरंग

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कादंबरीची समीक्षा आजही बहुधा फिर्यादीचे कागद तपासावेत तशी केली जाते. अन्याय कोणी केला, साक्षीपुरावा कितपत सबळ, एवढे पाहिले की समीक्षकाचे समाधान होते, आणि ज्याच्या आविष्कारासाठी या लेखिकांनी आपली प्रतिभा पणाला लावली ते स्त्रीचे अंतरंग अस्पर्श राहते.

ही दृष्टी जुनी आहे. हॅरिएट जेकब्ज हिने १८६१ साली टोपणनावाने आपल्या दास्याची कथा प्रसिद्ध केली, तेव्हा मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी आजीच्या छपराखालच्या, धड उभेही राहता येऊ नये अशा पोकळीत जवळजवळ सात वर्षे काढलेल्या या स्त्रीला, आपण होऊन एका गोऱ्या पुरुषाशी जोडलेल्या संबंधाविषयी लिहिताना मात्र उत्तरेकडील कुलीन वाचक-स्त्रियांची क्षमा मागावी लागली. पुढे १९३७ मध्ये झोरा नील हर्स्टन हिने फ्लोरिडातील कृष्णवर्णीयांच्या बोलीत जेनी या नायिकेच्या प्रेमतृष्णेची कादंबरी लिहिली, तर रिचर्ड राइट यांच्यासारख्या थोर लेखकालाही तीत आशय आढळला नाही. स्त्रीच्या तृष्णेला आशय मानण्याची त्यांची तयारी नव्हती, असेच मला वाटते.

या परंपरेचे सामर्थ्य पूर्णत्वाने प्रकटले ते टोनी मॉरिसन यांच्या १९७० च्या ‘द ब्लूएस्ट आय’मध्ये. या कादंबरीच्या कितीतरी आधी मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ विदुषीने पती केनेथ यांच्यासह कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व सावळ्या बाहुल्या ठेवून कोणती चांगली असे विचारले, आणि पुष्कळ मुलांनी गोरी बाहुली दाखविली. शाळांतील वर्णविभाजनाविषयीच्या १९५४ च्या निकालाच्या निमित्ताने हे निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. प्रयोगाने मुलाचे बोट कोठे वळते ते टिपले. मॉरिसन यांची क्लॉडिया मात्र भेट मिळालेल्या गोऱ्या बाहुलीचे अवयव उसकटते, कारण सारे जग जिच्यावर लुब्ध आहे तिच्यात असे आहे तरी काय, हे तिला पाहावयाचे असते. दुसरीकडे निळ्या डोळ्यांच्या ध्यासाने याच कादंबरीतील पिकोला या मुलीचे मन असे दुभंगते की अखेरीस ती स्वतःच निर्मिलेल्या सखीशी बोलू लागते, आणि त्या संभाषणातही तिला आपल्या डोळ्यांविषयी खात्री हवी असते. न्यूनगंडाचे इतके सूक्ष्म आणि इतके निर्दय चित्रण मी अन्यत्र वाचलेले नाही. १९८७ च्या ‘बिलव्हेड’मागे १८५६ मधील मार्गारेट गार्नर या दासीचा खटला आहे; पोटच्या मुलीला ठार करणारी ही माता खुनी ठरवायची की मालकाची जिंदगी, हा सरकारदरबारचा वाद होता, तर मॉरिसन त्या मातेच्या स्मृतीत उतरल्या.

ज्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली त्या जोतीरावांच्या महाराष्ट्राला फिर्यादीपलीकडचे अंतरंग वाचण्याचा हा प्रश्न परका नाही. बेबी कांबळे किंवा ऊर्मिला पवार यांची आत्मकथने आपणही समाजशास्त्राचे दस्तऐवज म्हणूनच अधिक वाचली.

अलीकडे दुसराही एक साचा रूढ होत आहे: सारे सोसून कधीही न खचणारी खंबीर नायिका. तिचा गौरव होतो, पण खचण्याचा अधिकार तिच्याकडून काढून घेतला जातो. म्हणूनच ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या १९५३ च्या ‘मॉड मार्था’ या छोट्या कादंबरीकडे मी पुनःपुन्हा वळतो. दुकानातला सांताक्लॉज नायिका मॉडच्या मुलीकडे धड पाहतही नाही. मॉडच्या मनात कात्रीने त्याचे डोळे फोडण्याचा विचार येऊन जातो, आणि मुलीला मात्र ती सांगते की त्याचे तुझ्यावर प्रेम आहे. तो क्रोध आणि ते असत्य, दोन्ही एकाच मातेची आहेत. आणि ब्रुक्स यांनी त्यांपैकी कशाचेही समर्थन केलेले नाही.