कैरोचे दोन निकाल

अरब देशांत अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाहीच, असे एका वाक्यात सांगून आपल्याकडे विषय संपवला जातो. मग आपल्यातील काही जण चिडून बचावाला उभे राहतात. दोन्ही पक्षांनी इजिप्तमधील १९९५ सालाकडे एकदा नीट पाहावे, असे आम्हास वाटते. त्या वर्षी कैरोत दोन निकाल लागले. राज्यघटना एकच होती, निकालांची तोंडे मात्र दोन दिशांना होती.

पहिला निकाल जूनचा. नस्र हामिद अबू झैद हे कैरो विद्यापीठात अरबीचे अध्यापक होते. कुरआनचे वचन ईश्वरी असले तरी ते मानवी भाषेत आले आहे आणि त्याचा अर्थ लावणारा माणूसच असतो, असे त्यांच्या लेखनाचे सार सांगता येईल. १९९३ मध्ये त्यांची बढती नाकारली गेली. पुढे काही वकिलांनी ‘हिस्बा’चा आधार घेऊन दावा गुदरला की हा माणूस मुर्तद आहे, सबब याचा निकाह मोडावा! गीझाच्या न्यायालयाने १९९४ मध्ये दावा फेटाळला. अपील न्यायालयाने मात्र १४ जून १९९५ रोजी तो मान्य केला. त्यांच्या पत्नी इब्तिहाल युनुस याही प्राध्यापिका. पती-पत्नींपैकी कुणीच तलाक मागितला नव्हता. आपण मुसलमान आहोत, असे अबू झैद सांगत होते. तरीही पुस्तकांतील वाक्ये त्यांच्या ईमानाविरुद्ध पुरावा ठरली. दोघांनी त्याच वर्षी देश सोडला, आणि १९९६ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही निकाल कायम ठेवला.

दुसरा निकाल जुलैचा, सर्वोच्च घटना न्यायालयाचा. पक्षाच्या वृत्तपत्रात छापून आलेल्या मजकुराबद्दल पक्षाच्या अध्यक्षालाही गुन्हेगार धरणारी तरतूद या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. अवद अल-मुर्र तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांच्याच काळात, १९९३ मध्ये, सरकारी अधिकाऱ्यावर टीका करणाऱ्याने पाच दिवसांत पुरावे दिलेच पाहिजेत ही अटही रद्द झाली होती. सत्तेवर टीका करणे हा नागरिकाचा हक्क आहे, हा या निकालांचा गाभा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शरीअतची तत्त्वे हा कायद्याचा प्रमुख स्रोत आहे, असे इजिप्तच्या घटनेचे दुसरे कलम सांगते. त्याचा अर्थ लावताना याच न्यायालयाने म्हटले की जे हुकूम निःसंदिग्ध आहेत ते अढळ. बाकी सारे काळाप्रमाणे इज्तिहादला खुले. अबू झैद न्यायालयाच्या या भूमिकेच्याही पुढे गेले होते, हे खरे. पण अर्थ लावणे हे माणसाचे काम आहे, ही दोघांची समान जमीन होती. मग एका न्यायालयात जे कायद्याचे सूत्र, तेच दुसऱ्या न्यायालयात ईमानाचा गुन्हा कसे ठरले?

आमच्या मते उत्तर बरेचसे दारात आहे. आपल्या घटनेच्या ३२ व्या कलमानुसार मूलभूत हक्कांसाठी सामान्य माणूस थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. नागरिकशास्त्राच्या तासाला हे आपण मुलांना सहज सांगून जातो. इजिप्तच्या नागरिकाला तशी थेट वाट नाही. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाला घटनेचा प्रश्न दखल घेण्याजोगा वाटला, तरच घटना न्यायालयाचे दार उघडते. किल्ली ज्याच्या हाती, त्यानेच लेखकाला दोषी मानले तर पुढे काय?

शिवाय ते दारही सत्तेच्या नजरेतून सुटले नाही. अल-मुर्र १९९८ मध्ये निवृत्त झाले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांनी फतही नगीब यांना न्यायालयाबाहेरून आणून सरन्यायाधीश नेमले.

घटना चांगली लिहिली तर हे सारे टळेल काय? २०१४ च्या इजिप्शियन घटनेचे ६७ वे कलम कला-साहित्याच्या जाहीर प्रकाशनाबद्दल तुरुंगवास नको म्हणते. हिंसेची चिथावणी, भेदभाव आणि व्यक्तीची बदनामी हे अपवाद. त्याच वर्षी अहमद नाजी यांच्या कादंबरीतील एक प्रकरण ‘अखबार अल-अदब’मध्ये छापून आले. ते वाचून आपल्या छातीची धडधड वाढली, अशी तक्रार एका वाचकाने केली! खालच्या न्यायालयाने नाजींना निर्दोष सोडले, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये अपिलात दोन वर्षांची शिक्षा झाली. सुमारे दहा महिने ते तुरुंगात होते. ही शिक्षा २०१७ मध्ये रद्द झाली, पण तुरुंगातले दिवस कोण परत देणार?

त्या खटल्यात कथेतला ‘मी’ म्हणजे लेखकच, अशा थाटात सरकार पक्षाने मजकूर मांडला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. अफसान्यातला ‘मैं’ लिहिणाराच असतो असे नाही, हे आठवीच्या मुलांना दोन-तीन धड्यांत उमगते. अबू झैद यांच्या बाबतीत विवेचनाला ईमानाचा नकार समजले गेले. नाजींच्या बाबतीत कथेला कबुलीजबाब. दोन्हीकडे चूक वाचनाची होती आणि शिक्षा लिहिणाऱ्याला झाली.

ट्युनिशियाची कहाणी आणखी बोलकी आहे. तिथे २०१४ च्या घटनेने घटना न्यायालय दिले. पण ती घटना २०२२ मध्ये बदलली जाईपर्यंत ते एकदाही बसले नाही. त्याच वर्षी आलेल्या ५४ क्रमांकाच्या अध्यादेशाने ‘खोट्या बातम्यां’साठी पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली.

म्हणून कलमे मोजून कुठल्याही देशाला शाबासकी देऊ नये आणि एका निकालावरून अवघ्या अरब जगाला नावेही ठेवू नयेत. कैरोतल्याच न्यायाधीशांनी स्वातंत्र्याची व्याप्ती वाढवली, हे विसरणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. प्रश्न असा विचारावा: लेखकावर बालंट आले तर त्याला घटनेच्या दारापर्यंत जाता येते का, आणि निवाडा करणाऱ्याने त्याचे पुस्तक पुस्तक म्हणून वाचले आहे का? हा प्रश्न आपण आपल्या मोहल्ल्यातही विचारायला हवा. न वाचता फतवा मागणारे आणि न वाचता टाळ्या वाजवणारे आपल्यातही कमी नाहीत.